कोडला जात नसते म्हणणाऱ्या आमच्या मुलाला

आमच्या वस्तीतल्या बुद्धविहाराच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिका आहे. दर रविवारी सकाळी वंदना झाली की तिथे तीन जुने लॅपटॉप उघडतात आणि नववी ते बारावीची चौदा-पंधरा पोरे त्यांच्याभोवती दाटीवाटीने बसतात. शिकवणारा मुलगा आमच्याच वस्तीतला. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, कॉम्प्युटर शाखेला. पायथन शिकवतो आणि एक रुपया घेत नाही. आम्ही वर्षानुवर्षे भाषणे करून जेवढी पोरे जमवू शकलो नाही तेवढी त्याने तीन महिन्यांत जमवली, हे आधीच कबूल करतो.

शिकवता शिकवता तो बोलत असतो. मेसच्या पोळ्या चिवट का होतात, कोणत्या कंपनीचा कीबोर्ड टिकतो, कोपऱ्यावरच्या अमृततुल्यचा चहा पूर्वीसारखा का राहिला नाही, आणि त्याच ओघात देश कसा चालवावा. पोरे हसतात, ऐकतात, मान डोलावतात. आम्ही मागे खुर्चीत बसून हजेरी लिहीत असतो. त्याची मते आमच्या वहीत साचत गेली. त्यांतली तीन वारंवार येतात. पहिले : राजकारण ही घाण आहे, शिकलेल्या माणसाने तिकडे बघूसुद्धा नये. दुसरे : आरक्षण जातीवर नको, गरिबीवर द्या. तिसरे : कोडला जात नसते, कॉम्प्युटर तुमचे आडनाव विचारत नाही.

आम्ही गप्प होतो. वीस वर्षांच्या पोराची मते आहेत, बदलतील असे वाटत होते. पण गेल्या महिन्यात दहावी झालेली एक मुलगी प्रवेशाचा अर्ज घेऊन आली. तिला पॉलिटेक्निकला कॉम्प्युटर डिप्लोमा करायचा आहे. आई दोन सोसायट्यांत झाडलोट करते, वडील नाहीत. अर्ज भरताना प्रवर्गाचा रकाना आला तसा तिने पेन थांबवला आणि म्हणाली, "दादा, मी ओपनमधूनच भरणार. सर म्हणतात, खरी हुशारी असेल तर कुबडी कशाला?"

सर म्हणजे आमचा तो मुलगा. त्याने हे तिला उद्देशून म्हटले नव्हते, चहा पिता पिता सहज म्हटले होते. पण सहज म्हटलेले शब्दही कोणाच्या तरी अर्जावर जाऊन बसतात. म्हणून हा लेख.

आधी त्याचे जे बरोबर आहे ते मान्य करू. राजकारणाबद्दलची त्याची चीड हवेतून आलेली नाही. बाबासाहेबांच्या नावाने निघालेल्या रिपब्लिकन पक्षाची किती शकले झाली हे त्याने घरातच ऐकले आहे. निवडणूक आली की वस्तीत गाड्या येतात, निकाल लागला की गटाराचे झाकण तसेच उघडे राहते. १४ एप्रिलला डीजेवर जेवढा पैसा जातो त्याच्या चौथ्या हिश्श्यात अभ्यासिकेला नवे लॅपटॉप आले असते, हे तो आम्हाला तोंडावर सांगतो आणि आमच्याकडे उत्तर नसते. तेव्हा या लेखात त्याला झोडपायचे नाही. त्याच्याशी वाद घालायचा आहे, आणि तोही त्याच्याच भाषेत.

गेल्या महिन्यातल्या एका तासाची गोष्ट. त्याने पोरांना एक सोपा प्रोग्राम लिहायला सांगितला : वार शनिवार किंवा रविवार असेल तर 'सुट्टी' असे छापा. एका पोराने लिहिले, 'वार बरोबर शनिवार, किंवा रविवार'. प्रोग्राम चालवला. बुधवार टाकला तरी सुट्टी, सोमवार टाकला तरी सुट्टी. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग त्याने फार छान समजावले : पायथन 'किंवा'च्या पुढचा भाग स्वतंत्र तपासतो. तिथे नुसता 'रविवार' हा शब्द ठेवला तर पायथन म्हणतो, शब्द रिकामा नाही ना, मग अट खरी. म्हणून 'किंवा'नंतर अट पुन्हा पूर्ण लिहावी लागते, 'किंवा वार बरोबर रविवार'.

आम्ही समाजशास्त्रात एम.ए. केले. त्या दोन वर्षांत कायद्याची इतकी सोपी शिकवणी आम्हाला कुणी दिली नव्हती. कारण आमच्या सगळ्या समाजाचे आयुष्य अशाच एका 'किंवा'वर उभे आहे.

१९५० साली राष्ट्रपतींनी अनुसूचित जातींचा आदेश काढला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदात एक अट आहे. हिंदू धर्माहून वेगळा धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची मानली जाणार नाही, असा तिचा मूळ आशय. पंजाबकडच्या काही मोजक्या शीख जातींना तेवढा अपवाद होता. १९५६ साली कायद्याने त्यात दुरुस्ती झाली आणि 'हिंदू'च्या पुढे 'किंवा शीख' आले. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी नागपूरला लाखो लोकांसह धम्म स्वीकारला. आणि त्या अटीनुसार आपले लोक केंद्राच्या लेखी यादीबाहेर गेले. कालपर्यंत ज्याला विहिरीवर चढू देत नव्हते त्याला आजही चढू देत नव्हते, गावकुसाबाहेरचे घर गावकुसाबाहेरच होते, पण कागदावर अट खोटी ठरली होती. महाराष्ट्राने आपल्या पातळीवर सवलती दिल्या, पण केंद्राच्या नोकऱ्यांचे आणि केंद्राच्या संस्थांचे दार बंद राहिले. ते उघडायला १९९० साल उजाडावे लागले. त्या वर्षी संसदेने त्या वाक्यात आणखी एक 'किंवा' घातला. किंवा बौद्ध.

चौतीस वर्षे. एका शब्दासाठी. त्या चौतीस वर्षांत निवेदने गेली, मोर्चे निघाले, संसदेत प्रश्न विचारले गेले, माणसे म्हातारी होऊन मेली. कायद्याचा 'किंवा' आमच्या पोराने चुकून लिहिलेल्या 'किंवा'सारखा नसतो. तिथे रिकामी जागा सोडली म्हणून सगळ्यांना सुट्टी मिळत नाही. तिथे ज्याचे नाव लिहिले गेले तोच आत येतो, आणि नाव लिहून घेण्याच्या कामालाच राजकारण म्हणतात. दलित ख्रिश्चन आणि दलित मुस्लिम आजही त्या वाक्याच्या बाहेर उभे आहेत. त्यांचा प्रश्न तपासण्यासाठी केंद्राने २०२२ साली माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. म्हणजे तो प्रोग्राम अजून लिहिला जातोच आहे.

तेव्हा राजकारण घाण आहे, हे ठीक. पण आमच्या मुलाने एकदा आपली प्रवेशाची फाईल काढून बघावी. धर्म बौद्ध, जात अनुसूचित, असे दोन रकाने शेजारी शेजारी त्यात आहेत. केंद्राच्या संस्थेत आणि केंद्राच्या नोकरीत हे दोन्ही रकाने एकाच वेळी खरे लिहिता येतात ते १९९० पासून. ज्या घाणीत बघूसुद्धा नको असे तो पोरांना सांगतो, त्याच घाणीत कोणीतरी चौतीस वर्षे हात घालून बसले होते.

आता दुसरे मत. आरक्षण गरिबीवर द्या. हे मत तो जणू आजवर कुणाला सुचलेच नव्हते अशा थाटात मांडतो, आणि हॉस्टेलवर त्याला ते ज्यांनी शिकवले तेही तसेच मांडतात. अरे बाबा, ते सुचून, मंजूर होऊन, सुरूही झाले आहे. २०१९ च्या १०३ व्या घटनादुरुस्तीने आर्थिक दुर्बल घटकांना १० टक्के आरक्षण दिले. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये तीन विरुद्ध दोन अशा मतांनी ते वैध ठरवले. त्यासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आहे ८ लाख रुपये. आणि त्यात अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गीय गरीब बसत नाहीत. दोन सोसायट्या झाडणाऱ्या आईची मुलगी कितीही गरीब असली तरी त्या १० टक्क्यांत अर्ज करू शकत नाही.

तिच्यासाठी वेगळी मर्यादा आहे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती हवी असेल तर पालकांचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत लागते. एकाच देशात एकाचा गरीबपणा ८ लाखांपर्यंत चालतो आणि दुसऱ्याचा अडीच लाखांना संपतो. आता गरिबीवर बोलायचेच असेल तर इथून सुरुवात करू. हॉस्टेलवरच्या मित्रांनाही हे दोन आकडे सांग आणि मग पुन्हा चर्चा कर.

मुळात आरक्षण ही गरिबी हटाव योजना नव्हतीच. गरिबीसाठी रेशन आहे, शिष्यवृत्ती आहे, रोजगार हमी आहे. आरक्षण हे शतकानुशतके दार बंद ठेवलेल्या जागांत वाटा देण्यासाठी आहे. गरीब ब्राह्मणाला पैसा नसतो, पण त्याला कोणी पाण्याच्या माठापासून लांब बसवले नाही. आणि आपल्यातला माणूस पैसेवाला झाला तरी माठ लांबच राहतो, याला बाबासाहेबांहून मोठा पुरावा कोणता? कोलंबिया विद्यापीठात शिकून आणि लंडनचा अभ्यास अर्धा टाकून १९१७ साली ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. कचेरीतले शिपाई फायली लांबून टाकत. राहायला खोली मिळेना. पारशी खाणावळीत नाव लपवून राहिले, तिथून काठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले. त्या दिवशी त्यांच्याकडे अमेरिकेतली पदवी होती, पगार होता, महाराजांची नेमणूक होती. गुणवत्ता आणखी किती हवी होती?

याच ओघात आम्ही त्याला एक विचारू. तू व्हॉट्सॲपवर, ईमेलवर, प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर फक्त स्वतःचे आणि वडिलांचे नाव लिहितोस. आडनाव लिहीत नाहीस. का? कॉम्प्युटर आडनाव विचारत नाही म्हणतोस, मग लपवतोस कोणापासून? गेल्या वर्षी खोली शोधताना एका घरमालकाने "पूर्ण नाव काय?" असे दोनदा विचारले आणि दुसऱ्या दिवशी खोली भाड्याने गेली असल्याचे कळवले, हे तूच आम्हाला हसत हसत सांगितलेस. मेसच्या पोळीसारखाच एक किरकोळ किस्सा म्हणून सांगितलेस. आम्हाला हसू आले नाही. शंभर वर्षांत काठ्या गेल्या आणि "खोली गेली हो" असा गोड निरोप आला. फरक आहे, तो आम्ही नाकारत नाही. पण खोली तेव्हाही मिळाली नाही आणि आताही मिळाली नाही.

आता तिसरे मत, त्याचे सगळ्यात लाडके. कोडला जात नसते.

बरोबर. कोडला जात नसते, जशी पेनाला नसते. पण कोड लिहिणाऱ्याला, तपासणाऱ्याला, बढती देणाऱ्याला असते. आणि कोडला जे शिकवले जाते त्यात सगळा समाज उतरतो. अमेरिकेत जॉय बुओलाम्विनी आणि टिम्निट गेब्रू या दोन संशोधक स्त्रियांनी २०१८ साली चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणारी तीन सॉफ्टवेअर तपासली. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के. काळ्या वर्णाच्या स्त्रियांच्या बाबतीत ती ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली. त्या कोडमध्ये कुणी वर्णद्वेषाची ओळ लिहिली नव्हती. असे सॉफ्टवेअर ज्या फोटोंवर घडते आणि तपासले जाते त्यांत काळ्या बायका कमी, एवढेच पुरेसे असते. आमच्यासारख्यांना कुठल्या यादीत कमी धरले गेले की काय होते, हे आम्हाला कोड न शिकताही समजते.

बरे, जात सातासमुद्रापार जात नाही असे म्हणशील, तर तेही नाही. २०२० च्या जून महिन्यात कॅलिफोर्निया राज्याच्या सरकारी खात्याने सिस्को कंपनीवर दावा लावला. तिथल्या एका दलित इंजिनिअरला त्याच्या वरच्या जातीच्या भारतीय वरिष्ठांनी जातीवरून डावलले, असा आरोप होता. कंपनीने तो नाकारला, आणि २०२३ साली त्या दोन वरिष्ठांवरचा दावा खात्याने मागे घेतला, हेही सांगायला हवे. पण त्या दाव्यानंतर अमेरिकेत जातीवर उघड बोलणे सुरू झाले. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल हे जातीवरून भेदभावाला कायद्याने बंदी घालणारे तिथले पहिले शहर ठरले. ज्या शहरात मोठमोठ्या सॉफ्टवेअर कंपन्या आहेत तिथल्या नगरपरिषदेला हा कायदा करावासा वाटला. जात व्हिसा न काढता विमानात बसते.

आणि तुझ्या पायथनचेच सांगतो. २०१८ साली त्या भाषेच्या देखभाल करणाऱ्यांनी तिच्या कागदपत्रांतून आणि कोडमधून 'मालक' आणि 'गुलाम' या अर्थाचे जुने तांत्रिक शब्द काढायला घेतले. त्यावर वादही झाला. शब्दाने काय होते, असे म्हणणारे तिथेही होते. शेवटी शब्द बदलले आणि प्रोग्राम पूर्वीसारखेच चालत राहिले. शब्द बदलायचा की नाही यावर झालेला तो वाद म्हणजे राजकारणच होते. तुमच्या विषयात ते आधीपासून आहे, फक्त त्याला दुसरे नाव आहे.

हुशारीबद्दलही तुझ्याच विषयातला शब्द वापरतो. डीफॉल्ट. फंक्शनला एखादी किंमत दिली नाही तर आधीपासून भरून ठेवलेली किंमत ते घेते. घरात इंग्रजी, घरात पुस्तके, घरात कॉम्प्युटर, काका कंपनीत, क्लासची फी भरायला वडील. ज्यांना हे सगळे न मागता मिळाले त्यांना ते दिसतच नाही, आणि त्यावर निघालेल्या उत्तराला ते 'आमची हुशारी' म्हणतात. तुझ्या हातात पहिला कॉम्प्युटर अकरावीत आला, तोही सायबर कॅफेतला, तासाला पैसे मोजून. ज्याच्या घरात तो तिसरीत होता त्याच्याबरोबर तू एका वर्गात बसलास आणि टिकलास. तुझी गुणवत्ता आम्हाला त्याच्यापेक्षा जास्त दिसते. तुला ती कमी का दिसते, याचा तू विचार कर. 'कुबडी' हा शब्द तुझा नाही. तो तुला कुणीतरी दिलेला आहे.

राजकारण नको म्हणणाऱ्या भावी सॉफ्टवेअर इंजिनिअरने आणखी एक हिशोब करावा. १९४६ साली कारखाना कायद्यातल्या दुरुस्तीने कामगारांचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. ते विधेयक आणणारे व्हाइसरॉयच्या मंडळातले मजूरमंत्री म्हणजे बाबासाहेब. २०२३ साली इन्फोसिसचे संस्थापक नारायण मूर्ती म्हणाले की तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे. दोन वर्षांनी तू कंपनीत लागशील. तुझा आठवडा किती तासांचा, हे ठरवायला तू नसलास तर बाकीचे असतीलच.

आता आमच्याकडे वळू. चूक फक्त पोराची नाही. त्याच्या पिढीला आम्ही काय दिले? जयंतीला तेच भाषण, तेच हार, तेच "बाबासाहेब नसते तर". तिसऱ्या परिच्छेदातला 'किंवा' आम्ही त्याला कधी सांगितलाच नाही. अडीच लाख आणि ८ लाख हे आकडे शेजारी मांडून दाखवले नाहीत. हॉस्टेलवर त्याला एकट्याला घेरून कुणी प्रश्न विचारले तेव्हा त्याच्या हातात आम्ही घोषणा दिली होती, माहिती दिली नव्हती. घोषणा मोर्चात कामाला येते, रात्री अकराला हॉस्टेलच्या खोलीत नाही. तिथे एकटा पडलेला मुलगा समोरच्यांचे मत आपले म्हणून घरी आणतो. सोबत राहण्याची ती सोपी वाट असते.

म्हणून त्याला एक सुचवतो. येत्या रविवारी पोरांना नवा प्रोग्राम दे. धर्म विचारायचा, साल विचारायचे आणि केंद्राच्या यादीत नाव बसते की नाही ते छापायचे. १९५०, १९५६, १९९०, अशा तीन आवृत्त्या. एखादे पोर 'किंवा' चुकीचा लिहील आणि सगळ्यांनाच आत घेईल. तेव्हा हसू दे त्यांना. मग विचार, सगळ्यांना आत घेणारा देश चुकीचा की बरोबर? आणि तिथे आम्हाला मागच्या खुर्चीतून पुढे बोलाव. तू कोड सांग, आम्ही कायदा सांगू. पोरे तुझे ऐकतात, आणि आम्हाला तुझी गरज आहे.

त्या मुलीचे सांगायचे राहिले. आम्ही तिच्यासमोर अर्ज ठेवला आणि एकच माहिती दिली : प्रवर्ग लिहिल्याने खुली जागा जात नाही. गुण तेवढे असतील तर नाव खुल्या जागेवरच लागते, राखीव जागा दुसऱ्या कोणाच्या तरी लेकराला उरते, आणि फीची सवलत व शिष्यवृत्ती तरीही मिळते. रकाना रिकामा ठेवला तर मात्र जागाही नाही आणि सवलतही नाही. आईच्या पगारातून फी जाईल. ती बराच वेळ कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "सरांना विचारून येते."

शनिवारपर्यंत मुदत आहे. ती तुझ्याकडे येईल. काय सांगायचे ते तू ठरव, आम्ही तुझ्यावर सोडले आहे. फक्त चहा पिता पिता सहज सांगू नकोस.

जय भीम.